खिडकी क्रमांक सात ही खिडकी नसल्याबाबत

प्रति,
मा. परीक्षा नियंत्रक,
कला महाविद्यालय,
मुख्य इमारत, पहिला मजला.

विषय : तळमजल्यावरील खिडकी क्रमांक सात ही माझी परीक्षेची कलाकृती आहे हे मान्य करून, मला अंतिम परीक्षेत 'गैरहजर' ऐवजी 'हजर' धरण्याबाबत.

संदर्भ :
१) मांडणीसाठी जागा देण्याबाबतचे आपल्याच कार्यालयाचे परवानगीपत्र.
२) खिडकी सातच्या कर्मचाऱ्यास बजावलेली कारणे दाखवा नोटीस.
३) याच विषयावरील माझे यापूर्वीचे तीन अर्ज. (हे तिन्ही सध्या माझ्याकडेच आहेत. कारण खाली परिच्छेद ६ मध्ये दिले आहे.)

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय निवेदन करते की मी संमिश्र माध्यम शाखेची अंतिम वर्षाची विद्यार्थिनी असून माझा परीक्षा क्रमांक एकेचाळीस आहे. काल लागलेल्या निकालात माझ्या नावापुढे 'परीक्षार्थी गैरहजर, कलाकृती आढळली नाही' असा शेरा आहे. हा शेरा कायम राहिला तर मला पूर्ण वर्ष पुन्हा करावे लागेल. म्हणून घडले ते सर्व क्रमाने मांडत आहे. कृपया शेवटपर्यंत वाचावे, ही पहिली विनंती.

१. प्रदर्शनाच्या दालनात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवलेले असल्याने मला तळमजल्यावर, खिडकी क्रमांक सहा आणि पिण्याच्या पाण्याची टाकी यांच्यामधली जागा देण्यात आली. तिथे मी प्लायवूड, जुन्या कपाटाची काच, कार्बन पेपर आणि रद्दीतले कोरे फॉर्म वापरून एक कार्यालयीन खिडकी उभी केली. काचेला अर्धगोल भोक ठेवले. आत टेबल मांडले. टेबलामागे माझ्या मावशीचे पूर्णाकृती छायाचित्र कापून पुठ्ठ्यावर चिकटवून बसवले आणि त्यावर खरा चष्मा लावला. टेबलाखाली लहान पंखा ठेवला, जेणेकरून तिच्यासमोरचे कागद हलत राहावेत. मावशी शिवणकाम करते. एखादे गिऱ्हाईक मापाची तक्रार करत असताना तिच्या चेहऱ्यावर जो भाव असतो तो टिपायला मला दोन दिवस तिच्या दुकानात बसावे लागले. तेवढे दोन दिवस तिची शिलाई रखडली, ती वेगळीच.

२. माझी चूक एकच झाली, आणि ती मी मोकळेपणाने कबूल करते. बघणाऱ्यांनी आपला अभिप्राय लिहून टाकावा म्हणून मी काचेखाली एक फट ठेवली. पहिल्याच दिवशी अकरा वाजेपर्यंत खिडकीसमोर चार माणसे उभी होती. मला वाटले, रसिक आहेत. मी लांबून बघत होते आणि खरे सांगते, आनंदाने माझे डोळे भरून आले होते. संध्याकाळी आत जाऊन बघितले तेव्हा अभिप्राय एकही नव्हता. बोनाफाईड दाखल्याचे चौदा अर्ज होते.

३. मी ताबडतोब मुख्य लिपिकांना भेटून ही खिडकी खोटी आहे असे सांगितले. त्यांनी, "खोटी काय नि खरी काय, माझी सहा नंबरची रांग निम्म्यावर आली," असे उद्गार काढले. दुसऱ्या दिवशी रंगारी पाठवून त्यांनी वर '७' हा आकडा रंगवून घेतला. कलाकृतीची माहिती देणारी माझी पट्टी 'विनापरवाना सूचना' म्हणून उखडण्यात आली. आठवडाभरात परिपत्रक निघाले की दुबार गुणपत्रिका, नावातील दुरुस्ती आणि सर्व प्रकारच्या तक्रारी यापुढे खिडकी सातवर स्वीकारल्या जातील.

४. यानंतर विद्यार्थ्यांची पाहणी झाली, तीत खिडकी सात पहिली आली. 'बाई वसकन अंगावर येत नाहीत', 'चहाला उठत नाहीत', 'उद्या या म्हणत नाहीत' अशी कारणे विद्यार्थ्यांनी लिहून दिली आहेत. मावशीला महिन्याची उत्तम कर्मचारी म्हणून गुच्छ देण्यात आला, तो पंख्याच्या वाऱ्याने दोन दिवसांत सुकला. मी मावशीला आणून हे सगळे दाखवले. ती रांगेत उभी राहून स्वतःकडे बराच वेळ बघत राहिली आणि मग माझ्यावरच घसरली, "मेले, आधी सांगितलं असतंस तर केस तरी नीट विंचरले असते!"

त्याच महिन्यात मावशीच्या छायाचित्रास कारणे दाखवा नोटीस आली. हजेरीपटावर सही न करणे, बैठकीस अनुपस्थित राहणे आणि प्राचार्य खिडकीसमोरून जात असता उठून उभे न राहणे, असे तीन आरोप होते. सदर कर्मचारी हे छायाचित्र असल्याचा लेखी खुलासा मी मुदतीत सादर केला. त्यावर 'खुलासा समाधानकारक नाही. कर्मचाऱ्यांनी यापूर्वीही अशी कारणे दिलेली आहेत,' असे उत्तर मिळाले.

५. एव्हाना आत पडलेल्या अर्जांनी प्लायवूड फुगून वाकडे झाले होते. कलाकृती फुटू नये म्हणून मी ते अर्ज बाहेर काढले. एकशे शहाण्णव होते. ते घेऊन मी खिडकी सहावर गेले, तर तिथल्या बाई म्हणाल्या, "सातचं काम आम्ही का म्हणून करायचं?" पाचवर, चारवर, थेट एकपर्यंत हेच. महोदय, ते अर्ज मी कचऱ्यात टाकू शकले असते. पण त्यात एका मुलीने लिहिले होते की दाखला शुक्रवारपर्यंत मिळाला नाही तर तिचा पुढचा प्रवेश जाईल. मग माझ्याने राहवले नाही. प्लायवूड आणि भिंत यांच्यामध्ये दोन फूट जागा आहे. तिथे स्टूल टाकून मी बसू लागले. अर्ज लावायचे, नोंदवायचे, अभिलेख कक्षात नेऊन द्यायचे, दाखला तयार झाला की भोकातून बाहेर सरकवायचा. अभिलेखपाल भला माणूस आहे, त्याने आजवर एकदाही मला कोण म्हणून विचारले नाही. त्या मुलीला दाखला गुरुवारीच मिळाला, एवढे नमूद करते.

परीक्षेच्या दिवशीही मी तिथेच होते, कारण रांग जिन्यापर्यंत गेली होती. बाहेरचे परीक्षक सव्वाअकराला आले आणि रीतसर रांगेत उभे राहिले. त्यांचा नंबर लागायला पाऊण तास गेला. मग भोकाशी वाकून त्यांनी मावशीच्या छायाचित्राला विचारले, "एकेचाळीस नंबरची मांडणी कुठे लावली आहे?" मी आतून म्हणाले, "सर, हीच." ते म्हणाले, "बाई, थट्टा नको, मला अजून तीन कामं बघायची आहेत." मी घाईघाईने बाहेर यायला निघाले, पण स्टूल आडवे झाले आणि मी भिंत व प्लायवूड यांच्यात अडकले. तेवढ्यात त्यांच्या मागचा विद्यार्थी म्हणाला, "काका, झालं असेल तर सरका ना." मी बाहेर येईपर्यंत ते दिसेनासे झाले होते.

६. निकालाविरुद्ध तक्रार करायला काल मी आपल्या कार्यालयात आले असता, तक्रारी खिडकी सातवर द्याव्यात असे सांगण्यात आले. त्यानुसार एकाच दिवसात तीन वेळा मी समोरून अर्ज टाकला आणि मागे जाऊन स्वतःच स्वीकारला. परंतु अर्जदार आणि अर्ज हाताळणारा एकच नसावा असा नियम असल्याने मला तो पुढे पाठवता आला नाही. म्हणून हा चौथा अर्ज आपल्या दालनाच्या दाराखालून सरकवत आहे. या अगोचरपणाबद्दल क्षमा असावी. पण महोदय, आता माझा जीव अगदी मेटाकुटीला आला आहे. चार वर्षे मी मन लावून शिकले. माझे काम इतके चांगले झाले म्हणून ते कोणाला दिसलेच नाही, आणि दिसले नाही म्हणून मी नापास, हे मला सहन होत नाही.

७. आता मुख्य बाब. आज सकाळी खिडकी सातमध्ये एक तक्रार आली, ती त्याच परीक्षकांची आहे. मूळ पत्र सोबत जोडले असून त्यातील मजकूर असा : "परीक्षेच्या दिवशी खिडकी सातवरील बाईंनी मला एकदाच उत्तर दिले, तेही उडवाउडवीचे. तक्रार देण्यासाठी मी काल पुन्हा गेलो. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांच्याकडे बघताना मला राग येईना. मी त्यांना गुडघेदुखी सांगितली, मुलगा फोन करत नाही तेही सांगितले. मागची माणसे ओरडू लागली तेव्हा मी भानावर आलो. तीस वर्षे मी विद्यार्थ्यांची कामे तपासतो आहे, एकाही कामापुढे माझे पाय असे खिळले नव्हते. बाईंना समज द्यावी, मात्र त्यांची बदली करू नये."

तक्रार खिडकी सातची असल्याने त्यावर कार्यवाही माझ्याकडेच येते. मी ती केली आहे. बाईंना समज दिली आहे आणि बदली केलेली नाही. उरलेला भाग माझ्या अधिकारात नाही. तो आपल्या अधिकारात आहे. या पत्रालाच परीक्षकांचे गुणपत्रक समजावे आणि त्यावर किती गुण होतात ते आपण ठरवावे, एवढीच माझी मागणी आहे.

निर्णय कळवताना तो कृपया खिडकी सातवर पाठवू नये.

आपली नम्र आणि दररोज साडेदहा ते साडेपाच हजर,
परीक्षा क्रमांक एकेचाळीस
(सही)

दिनांक : निकालाच्या दुसऱ्या दिवशी

सोबत :
१) परवानगीपत्राची प्रत.
२) कारणे दाखवा नोटीस व खुलासा.
३) परीक्षकांचे मूळ पत्र. काम झाल्यावर हे परत मिळावे. मावशीला वाचून दाखवायचे आहे.