काचेला हात लावू नये

ता. १८ फेब्रुवारी, बुधवार

बबडीच्या बाबास,

आधी 'सप्रेम नमस्कार' लिहिलं आणि खोडलं. 'सा. न. वि. वि.' लिहावं, तर तू काही वीज मंडळाचा अधिकारी नाहीस. म्हणून नुसती हाक, तीही तिच्या नावाने. गुडघा कसा आहे? फोनवर आपण दोघंही 'बरं, ठेवतो'पर्यंत फार लवकर पोचतो, म्हणून पत्र.

इकडे सगळं ठीक, असं लिहायची पद्धत आहे. निसर्ग केंद्राच्या रविवारच्या पायवाटा तरी ठीक चालल्या आहेत. गेल्या खेपेला बँकेतल्या निवृत्त मंडळींचा गट होता. दोन बाटल्या पाणी आणा म्हटलं होतं, तर एकाने गाणी लावायचा डबा आणला. मी पुढे आणि रांगेच्या शेवटी सिस्टर, म्हणजे आमच्या स्वयंसेवक नर्सबाई. बबडीच्या वॉर्डातल्या नव्हेत, दुसऱ्या. कोणी मागे राहू नये म्हणून त्या कायम शेवटी चालतात. डबा त्यांनी टेकडीच्या पायथ्यालाच काढून घेतला आणि परत येईपर्यंत दिला नाही.

केंद्राच्या वाचनालयाचं छप्पर गळत होतं, ते दुरुस्त झालं. वॉचमनकाकांना नातू झाला. पेढ्यांऐवजी त्यांनी सगळ्यांना रोपं वाटली, माझं जगेलसं दिसत नाही.

मी उगाच लांबण लावते आहे, हे तुला कळलं असेल.

दोन वर्षांपूर्वी केंद्राने लोकविज्ञानाचं कामही माझ्याच गळ्यात घातलं. घरचं झालं थोडं नि व्याह्याने धाडलं घोडं. आसपासची माणसं बेडूक मोजतात, फुलपाखरं मोजतात आणि रोज सकाळी मोठ्या काचेच्या इमारतींखाली आपटून मेलेले पक्षी शोधतात. पक्ष्याला काच दिसत नाही. त्याला काचेतलं झाड दिसतं आणि तो सरळ त्या झाडाकडे जातो. पहिल्याच दिवशी मी सगळ्यांना बजावते, दिसेल ते लिहा, आणि काही दिसलं नाही तर शून्य लिहा, शून्य हीसुद्धा माहितीच असते.

केंद्रातल्या बबडीच्या काचभिंतीखालचा आकडा कायम शून्य असायचा. बँकेखाली पक्षी मरत, मॉलखाली मरत, आणि तू बांधून दिलेल्या त्या एवढ्या मोठ्या काचेखाली एकही नाही. मी ते चारचौघांत मिरवायचे. तुलाही लिहिलं होतं, आणि तू उलट एका ओळीत लिहिलंस, 'बरं वाटलं.' तुझं तेवढंच वाक्य मी किती दिवस पुरवून वापरलं, तुला कल्पना नाही.

ते शून्य खोटं होतं.

गेल्या सोमवारी शाळेची मुलं उजाडताच यायची होती म्हणून मी लवकर गेले. वॉचमनकाका भिंतीशी ओणवे होते. मला पाहून त्यांनी हात पाठीमागे नेला. मी म्हटलं, "काका, काय आहे?"

"काही नाही मॅडम, पालापाचोळा."

पालापाचोळा निळा होता. खंड्या. अजून गरम असावा, कारण त्यांनी तो रुमालात जपून धरला होता, तसं आपण मेलेल्या वस्तूला धरत नाही. मी हात पुढे केला, तर ते मागे सरले. म्हणाले, "तुम्ही आत जा. मी करतो त्याचं." खतखड्ड्याच्या मागे त्यांनी जागा केली आहे. तिथली माती जागोजाग नवी आहे. मी पाहिली, मोजली नाही.

सिस्टर आल्या तेव्हा मी त्यांच्यावर चिडले, त्या भिंतीखालची नोंद त्यांच्याकडेच असते. त्यांनी ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, "तुमच्या लेकीचं नाव आहे भिंतीवर. त्याच्याखाली मेलेलं पाखरू कसं लिहायचं आम्ही? आमच्याच्यानं नाही झालं."

"सगळ्यांना माहीत होतं?"

"तुम्हाला सोडून सगळ्यांना."

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. तरी दोन वर्षं झाकलं, माझ्यासाठी. मला राग यायला हवा आणि येतोही, पण तो धड कोणावर काढता येत नाही. त्या दिवशी शाळेच्या मुलांना मी पायवाटेवर काय दाखवलं ते आठवत नाही. परत येऊन गाडीत बसून रडले.

आता मुद्द्याचं. काचेवर बाहेरून खुणा काढाव्या लागतील. ठिपके, पट्टे, काहीही चालतं, फक्त दोन खुणांमध्ये लहान मुलाच्या तळहाताएवढीही मोकळी जागा नको. तेवढ्यातूनही पाखरू जायला बघतं. आणि तू देणगी देताना लिहून घेतलं आहेस की काचेवर कधी काही लावायचं नाही, रोज पुसायची, आणि 'काचेला हात लावू नये' अशी पाटी हवी. विश्वस्त म्हणतात, तुझी संमती आणा. महिन्याभरात परतीचे पक्षी निघतील.

ज्यांना टेकडी चढता येत नाही त्या मुलांना आत बसून जंगल दिसावं, हे तुझं म्हणणं मला तेव्हाही पटलं होतं. व्हीलचेअरवरची मुलं येतात, खूश होतात. खुणांमधूनही त्यांना दिसेल. पण तुझी अडचण ती नाही, हे मला माहीत आहे.

आपण कधी बोललो नाही, म्हणून लिहिते. शेवटच्या वर्षी ती दिवसभर आपल्या खिडकीशी असायची. नाक काचेला, दोन्ही हात काचेला, वाफ धरून काढलेली चित्रं. ती गेली, माणसं भेटायला येऊ लागली, आणि अक्कांनी, तुझ्या बहिणीने, मदत म्हणून घर आवरलं. खिडकी लख्ख पुसली. तू दारात उभा होतास. अक्कांना आपण चहा दिला. त्यानंतर तू त्या खोलीत गेला नाहीस, आणि पुढे घरातही राहिला नाहीस. मग तू ही भिंत बांधलीस आणि तिच्यावर कोणाचाच हात पडू दिला नाहीस. बबडीच्या हातांचे ठसे पुसले गेले, तर दुसऱ्या कोणाचे का राहावेत. मला कळतं ते. मीसुद्धा दर रविवारी पोरांना ओरडत आले, हात लावू नका.

परवा पायवाटेवरून परतलेल्या एका मुलीने चिखलाचा पंजा काचेवर उमटवलाच. काका फडकं घेऊन धावले. मी म्हटलं, राहू द्या. तो अजून आहे. तेवढ्या जागी आता कोणी आपटणार नाही. बाकी सगळी भिंत उरली आहे.

आपल्या खिडकीबाहेर तो झाडोरा होता, दिवसभर पाखरं असायची. ती खिडकीशी होती त्या वर्षभरात त्या काचेवर एकही आपटलं नाही. मला वाटायचं, नशीब.

येत्या नव्हे, पुढच्या शनिवारी मुलं रंग घेऊन येतील. संमती पत्राने पाठवलीस तरी चालेल. पण आलास तर वरचा भाग तुझ्यासाठी ठेवते, मुलांचा हात तिथवर पोचत नाही.

पाटी मी काढली आहे.

बबडीची आई