शेवंतीवरचा दिवा

बाबा, या मे महिन्यातही तुमच्या शेवंतीच्या कुंड्या मी जगवल्या. नागपूरच्या उन्हात शेवंती लावणं म्हणजे वेडेपणा, असं शेजारचे म्हणायचे आणि तुम्हाला त्याचाच भारी आनंद. हिंगण्याच्या कारखान्यातली पाळी संपवून कंपनीच्या बसमधून उतरलात की डबाही खाली न ठेवता तुम्ही कुंड्यांभोवतीची बारदानं ओली करायचात. एकदा मला भर दुपारी पाणी घालताना पाहिलंत आणि केवढे ओरडलात! "मुळं शिजवून राहिली काय वं?" मी रुसले, तर संध्याकाळी जवळ बसवून शेंडे खुडायला शिकवलंत आणि बजावलंत, "रात्री इथं बत्ती लावायची नाही. अंधार नसला तर शेवंतीले कळी येत नाही." आई दारात उभी राहून ऐकत होती.

तुमचं छातीचं दुखणं पुढच्या पावसाळ्यात वाढलं. खाट ओसरीत, कुंड्यांजवळ टाकली. एक दिवस तुम्ही सहज बोलून गेलात, "यंदाची शेवंती तेवढी पाहून जातो." आई चिडली, "असं अभद्र काहून बोलता?" त्या दिवसापासून ओसरीतला दिवा रात्रभर जळू लागला. औषध द्यायला उजेड लागतो, असं ती सांगायची. दसरा गेला, दिवाळी गेली. बाजारात शेवंतीचे ढीग, आणि आपली झाडं कमरेएवढी, हिरवीगार, एकही कळी नाही. मला त्यांच्याजवळून जायची भीती वाटायची. तुम्ही दिव्याकडे पाहायचात, मग आईकडे. बंद कर, असं एकदाही म्हणाला नाहीत.

फुलं न पाहताच तुम्ही गेलात. आईने दिवा मालवला, आणि थंडी सरता सरता ओसरी पिवळीधमक झाली. तिने एकही फूल तोडू दिलं नाही. फुलं आली नाहीत तर तुम्ही जाणार नाही, असं तिने मनाशी धरलं होतं, हे मला तेव्हा कळलं आणि तिचा फार राग आला.

आता त्याच खाटेवर आई आहे. पोळ्याच्या दिवशी कुंड्यांकडे बघत म्हणाली, "यंदाची शेवंती पाहायले भेटली म्हणजे झालं." त्या संध्याकाळपासून मी दिवा लावते आहे. "बत्ती काहून जाळून राहिली वं?" तिने विचारलं. डास फार झालेत, मी म्हणाले. ती कुशीवर वळली. तिला कळलंय, बाबा.

हे पत्र कुठे टाकणार? राहू दे माझ्याचजवळ. आज सकाळी, दिव्याचा उजेड पोचत नाही त्या कोपऱ्यातल्या कुंडीत एक कळी दिसली, मुगाएवढी. आई जागी व्हायच्या आत मी ती खुडून टाकली.