दुसरा कान आहे ना

३ मार्च, सकाळ
पुन्हा तेच स्वप्न. खुर्चीत गिऱ्हाईक, गालावर फेस, माझा वस्तरा चाललाय, आणि कान अलगद हातात येतो. रक्त नाही, आरडाओरडा नाही. नुसता कान. तो ठेवायचा कुठे, हे कळत नाही. फळीवर कंगवे, कपाटात टॉवेल. शेवटी खिशात टाकतो, तर गिऱ्हाईक आरशातून माझ्याकडेच बघत असतं.
मला टेन्शन कसलंही नाही. सारा जन्म दाढ्या करण्यात गेला, कुणाला ओरखडा उठला नाही. पण झोपेचं खोबरं होतं.
ही म्हणते, पहाटे मी तिचा कान धरून बसलो होतो आणि 'खिसा कुठाय' असं विचारत होतो. हिला तिखटमीठ लावून सांगायची सवयच आहे.

५ मार्च
ही आता कानाला मफलर गुंडाळून झोपते. एवढ्या उकाड्यात. थंडी बाधली असणार. बिचारी स्वतःच्या तब्येतीबद्दल कधी बोलत नाही.
मुलगा म्हणाला, बाबा, तुमचा हात हलतो. म्हटलं, हात हलला नाही तर दाढी कशी होईल रे? हसला नाही. आतल्या खुर्चीवर तो काम करतो, खिडकीजवळची माझी. म्हणाला, हा महिना बघतो, नाहीतर तुमच्या खुर्चीवर कारागीर ठेवतो. बघू दे की. बघूनच शिकतात मुलं.

८ मार्च
हिने हट्टच धरला म्हणून मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. वयाने माझ्या लेकीएवढ्या. आधी मीच त्यांना धीर दिला. त्या म्हणाल्या, काका, स्वप्न लिहून काढा. दिवसा शांत बसून त्याचा शेवट हवा तसा बदला आणि तो नवा शेवट रोज मनात घोळवा. बऱ्याच जणांना फरक पडतो. शिवाय चहा कमी करा, आणि थोडे दिवस वस्तरा... पुढचं ऐकू आलं नाही, बाहेर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. ही म्हणते, हॉर्न नव्हता.
शेवट ठरवला. कान हातात येतो, गिऱ्हाईक हसतं आणि म्हणतं, 'काही हरकत नाही, दुसरा कान आहे ना.' सुटसुटीत आहे.

१० मार्च
शांत बसायला वेळ आहे कुणाला? प्रॅक्टिस कामातच उरकायची. पण डोळे मिटल्याशिवाय काही नीट घोळत नाही. खुर्चीत शाळेचे शिपाईमामा होते. आरशात बघून म्हणाले, अहो, डोळे उघडा. मी म्हटलं, घाबरू नका, मी स्वप्नातला कान कापतोय, तुमचा नव्हे. तर अर्ध्या दाढीनिशी उठले आणि मुलाच्या खुर्चीत जाऊन बसले. शाळेची वेळ झाली असावी. रविवार असला म्हणून काय झालं.

१३ मार्च
चूक सापडली. वाक्य गिऱ्हाईकाचं आहे, मग मी का घोळवतोय? आजपासून वस्तरा कानाशी आला की विनंती करतो, एवढं म्हणा हो. औषधवाल्याने म्हटलं, पण 'हरकत' म्हणताना त्याचा आवाज चिरकला. पुन्हा म्हणायला लावलं. जाताना टोपी विसरला, न्यायला भावाला पाठवलं. माणसांच्या नसा किती नाजूक असतात. डॉक्टरीणबाईंकडे त्यानेच जायला हवं.

१८ मार्च
मुलाच्या खुर्चीसमोर बाकडं भरलेलं, माझी मोकळी. वयाला मान देतात लोक.
मुलगा म्हणाला, बाबा, माणसं दाढीला येतात, नाटकाच्या तालमीला नाही. दुपारी एक कारागीर येऊन माझ्या खुर्चीत बसून बघून गेला. मागचा टेका पुढेमागे करून पाहिला. मी त्याला चहा पाजला. पाहुणा तो.

२२ मार्च
मुलाशी बोलणं झालं. म्हटलं, कर्नल माझ्याशिवाय कुणाकडे बसत नाही. कर्नल म्हणजे माझा बालमित्र. होता पोस्टमन, पण चालतो ताठ. मुलगा म्हणाला, ठीक आहे, कर्नलकाका तुमच्याकडे बसतात तोवर खुर्ची तुमची. म्हणजे कायमचीच की.

२४ मार्च
कर्नल आला. मी सांगायच्या आत खणखणीत म्हणाला, काही हरकत नाही, दुसरा कान आहे ना. वर म्हणाला, ऐकू तसंही कमीच येतं रे, तू कर बिनधास्त. असा दोस्त मिळायला नशीब लागतं.

२५ मार्च
स्वप्नात गिऱ्हाईक ते वाक्य म्हणालं. म्हणजे उपाय लागू पडतोय. फक्त तेव्हा दुसरा कानही माझ्याच हातात होता. प्रॅक्टिस वाढवायला हवी.

३१ मार्च
खुर्चीत कर्नल. डोळे क्षणभरच मिटले होते.
कानाची कडच फक्त. फार नाही. टॉवेल मात्र भिजला. मी वाट बघितली. वाटलं विसरला असेल, म्हणून आठवण करून दिली, काही हरकत...
कर्नलने कान दाबून धरला. हळूच म्हणाला, हरकत आहे रे.
तुरटी मुलाने लावली. उरलेला गालही त्यानेच केला.

७ एप्रिल
आता माझ्याकडे देखरेख आहे. मागच्या बाजूला, पडद्याआड, टॉवेल असतात तिथे स्टूल टाकून दिलंय. जबाबदारीचं काम आहे, टॉवेल कमी पडले तर दुकान ठप्प होईल. खिडकीजवळ नवा कारागीर. हात दगडासारखा स्थिर. स्वप्नं पडत नसावीत, बिचाऱ्याला कल्पनाशक्ती कमी.
आज कर्नल आला. कानाला पट्टी. मी उठणार तेवढ्यात त्याने दारातूनच मुलाला विचारलं, तो नाही ना आज खुर्चीवर?
मुलाने खुर्ची झटकली. म्हणाला, नाही काका. दुसरा माणूस आहे ना.
मग काही हरकत नाही, कर्नल म्हणाला.
अगदी हसून म्हणाला. मी शेवट लिहिला होता तसाच.