पदर खोच वं

नागपूर, जानेवारी १९७४

बाबनराव मुकादम यायले अंजनाचा जयभीम.

भाऊ, मी नवी सून होती. पहिल्याच दिवशी कापसाच्या जिनिंगच्या दारात तुम्ही मले सगळ्यांसमोर म्हणलं, "पदर खोच वं, नाहीतर घरी जाय." परक्या माणसानं पदराचं नाव काढलं म्हणून सासूनं फाटकावर येऊन तुम्हाले लय शिव्या देल्या. तुम्ही मान खाली घालून ऐकल्या. दुसऱ्या दिवशी तुमच्या बायकोनं, मैनाबाईनं, दारात माझा पदर कमरेले घट्ट गुंडाळून देला. तुम्ही तोंड फिरवून उभे होते.

काल रुई झाडता झाडता मशीनच्या पट्ट्यानं हातातलं फडकं ओढून नेलं. पाहता पाहता चिंध्या झाल्या. पदर कमरेलेच होता. घरी हे ऐकून सासू माझे हात धरून बसली न् म्हणे, "त्या मुकादमाले सांग, मी चुकली."

कसं सांगू? तुम्ही आता तिकडं कन्हानले राहता. मैनाबाईही वारली. एकट्या माणसाच्या घरी परक्या बाईचं पत्र गेलं तर लोक काय म्हणतीन? हे पेटीतच राहीन.

आज एक नवी सून मोकळा पदर घेऊन आली. तुमच्या जागेवर मी उभी होती. उद्या तिची सासू येईन शिव्या द्याले. येऊ द्या.

तुमच्यामुळं धडधाकट,
अंजना