चेहरा जुळत नाही

चिऊ,

बाबांना घेऊन पेन्शनच्या कचेरीत चालले आहे. तुला उठवलं नाही. दूध तापवलंय, जेवण झाकून ठेवलंय. निघताना कुलूप ओढून बघ.

माजी सैनिकांना आपल्या जखमेच्या भरपाईची फाइल आता घरबसल्या मोबाइलवर दिसते, हे चांगलंच झालं. काल तू हौसेनं उघडायला बसलीस. पण ते यंत्र आधी चेहरा ताडून बघतं, आणि त्याच्याजवळ बाबांचा फोटो भरतीच्या वेळचा, स्फोटाआधीचा. सारखं एकच येत होतं, ‘चेहरा जुळत नाही’. शेवटी तू वैतागलीस, “बाबा, चेहरा जरा नीट ठेवा ना!”

तुझ्या मनात काही नव्हतं, ठाऊक आहे मला. तेही हसले, “एवढाच शिल्लक आहे गं, यातच भागव.”

आज मात्र आरशासमोर गेले नाहीत. “तूच कर दाढी,” म्हणाले. देवाचं नाव घेत केली. देवाला माणूस ओळखायला फोटो लागत नाही, पण भरपाई काही देव मंजूर करत नाही. कचेरीतला माणूस समोर बघून नोंद करतो म्हणे. एवढ्या उकाड्यात बाबांनी तोंडाला मफलर गुंडाळलाय.

आम्ही आलो की माफीबिफी मागत बसू नकोस. फक्त त्यांच्याकडे बघून बोल. काल जेवताना शरमेनं तुझी मान ताटातून वर आली नाही, आणि त्यांना वाटलं, तुलाही बघवत नाही.

– आई