दोन युनिटांचं घर

दादा, तुम्ही जाऊन आता बावीस वर्षं झाली आणि आज पहिल्यांदाच तुम्हाला लिहितेय. निमित्त विजेचं आहे. दुसऱ्या कशावर बोलायचं म्हटलं असतं तर आपल्या दोघांनाही सुचलं नसतं. माणसांविषयी आईशी बोलायचं आणि विजेविषयी तुमच्याशी, अशी आपल्या घरची वाटणीच होती. इथं लोणंदच्या घरात मी आता एकटीच असते. तुमचे जावई चार वर्षांपूर्वी गेले, मुलगा नोकरीसाठी पुण्याला. अख्ख्या दिवसात या घरात वीज जळते ती दोन युनिट. कधी पावणेदोन. तुम्ही असता तर म्हणाला असता, पावणेदोन कशाला, दीड करून दाखव.

रहिमतपुरात तुम्ही वायरमन, म्हणजे गावभर दिवे लावून देणारा माणूस, आणि स्वतःच्या घरात दिवा लागला की तुमचा जीव खालीवर. मी चौथीत होते तेव्हाचं आठवतंय का? सकाळी माजघरातला दिवा तसाच ठेवून मी शाळेत गेले. तुम्ही घरातच होता, नुसता हात वर केला असता तरी बटण बंद झालं असतं. पण नाही. सायकल मारत शाळेत आलात, बाईंची परवानगी काढलीत, मला कॅरिअरवर बसवून घरी आणलंत आणि बटणासमोर उभं केलंत. “लाईट तू लावलीस न्हवं? मग तूच बंद कर.” इतकंच बोललात. मी बंद केलं आणि तुम्ही मला परत वर्गात नेऊन सोडलंत. सगळा वर्ग दात काढत होता. मला इतका राग आला होता की दादा दुसऱ्या कुणाचे वडील असते तर बरं झालं असतं, असं मी आईला म्हणाले. तिनं ते तुम्हाला सांगितलंच असणार, कारण संध्याकाळी तुम्ही जिलेबी आणलीत आणि पुडा माझ्या दप्तरावर ठेवलात.

आणि ती काचेची कौलं! लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आले तेव्हा सहज बोलून गेले, की सासरचं स्वयंपाकघर अंधारं आहे, भर दुपारीही बल्ब लावावा लागतो. झालं. पुढच्याच आठवड्यात तुम्ही पॅसेंजरनं लोणंदला हजर, मांडीवर धोतरात गुंडाळलेली दोन काचेची कौलं. चहासुद्धा न घेता छपरावर चढलात. खाली सासूबाई धुमसतायत. शेजारणीला माहेरून पैठणी आलेली आणि माझा बाप काय घेऊन आला तर कौलं. मी लाजेनं मेल्यासारखी झाले आहे, पदर तोंडाला लावून चुलीपाशी उभी आहे. शेवटी सासूबाईंच्यानं राहवलं नाही. “लाईट लावायची ऐपत न्हाई व्हय आमची?” त्या म्हणाल्या. तुम्ही वरूनच उत्तर दिलंत, “आवं विहीणबाई, ऊन फुकाटचं हाय. घ्या की.” दुपारपर्यंत ओट्यावर एवढा उजेड पडला की डाळीतले खडे दिसायला लागले. सासूबाई तुमच्यावर वर्षभर फुगून होत्या, पण डाळ निवडायला तिथंच बसायच्या. पुढं ते घर पाडून आम्ही स्लॅब टाकला तेव्हा ती कौलं कुठं गेली, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. त्याचं मला आता फार वाईट वाटतं.

तुमचं बाकीचं मात्र हाडात मुरलंय. डाळ सकाळीच भिजत घालते, कुकरची एक शिट्टी झाली की गॅस बंद, पुढचं वाफेवर होतं. भाताला उकळी आली की भांडं उतरवून जुन्या वाकळेत गुंडाळून ठेवते, तासाभरात मोकळा भात तयार. गच्चीवर काळं पिंप ठेवलंय, त्यातलं पाणी उन्हानं एवढं तापतं की उन्हाळ्यात गिझरचं नाव काढावं लागत नाही. इस्त्री आठवड्यातून एकदा, सगळी एकदमच. आणि तुमचा नातू तर थेट तुमच्यावर गेलाय. गेल्या दिवाळीत आला तो सगळे दिवे एलईडीचे करून गेला, फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढं ओढला, त्याच्या दाराचं रबर सैल झालेलं ते बदललं. दिवाळीचे दोन दिवस यातच गेले. मी करंज्या घेऊन त्याच्या मागं मागं फिरत होते.

तो पुण्याला परतला आणि घर अगदी गप्प झालं. दर रविवारी फोन यायचा, तो एक रविवार सोडून यायला लागला, मग महिन्यातून एकदा. त्याचा तरी काय दोष? सगळं नीट चाललंय म्हटल्यावर फोन कशाला करायचा? आता मीटर नवीन बसलंय आणि त्याला मुलाचा मोबाईल नंबर जोडलाय, त्यामुळं रोज किती युनिट पडले ते त्याला पुण्यात बसून दिसतं. एकदा मी खरोखरच विसरले. गिझर लावला आणि बँकेत गेले, तिथं रांगेत दुपार झाली. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याचा फोन. “आई, काल काय झालं? युनिट दुप्पट पडलेत. बरी आहेस ना तू?” मग गुडघा कसा आहे, भाजी काय केलीस, पाणी येतं का वेळेवर. वीस मिनिटं बोलला. फोन ठेवला आणि मी ओट्याला टेकून रडले, दादा. आनंदानंच.

पुढच्या मंगळवारी मी गिझर मुद्दाम चालू ठेवला. त्याच्या पुढच्या मंगळवारीही. दिवसभर लाल दिवा जळतोय आणि मी समोर पाट टाकून बसलेय, तुमची लेक! प्रत्येक वेळी फोन आला. तिसऱ्या वेळी मात्र त्याचा आवाज काळजीचा झाला. वय झालं की विसरायला होतं, म्हणाला, आणि गिझर आपोआप बंद करणारा टायमर त्यानं ऑनलाइन मागवला. टायमर येऊन आता तीन आठवडे झाले. तुम्ही मला बाराव्या वर्षी होल्डर बसवायला शिकवलं होतंत, मेन बंद करून टेस्टर लावून बघितल्याशिवाय वायरीला हात लावायचा नाही, हेही. माझं ते पंधरा मिनिटांचं काम आहे. पण तो एकदा बसला की मी विसरायची सोयच उरत नाही.

तेव्हा त्याला सांगितलंय, इथं वायरमन मिळत नाही. आता तो त्याचीच चौकशी करायला फोन करतो. ही चिठ्ठी माझ्या वहीतच राहणार, त्याच्या हाती लागू नये एवढंच बघायचं. तुमच्याशी कधी खोटं बोलले नव्हते म्हणून हे तुम्हाला सांगून टाकलं. काल त्यानं परत विचारलं, “आला का गं वायरमन?” ओळखीचा आहे एक, मी म्हणाले, रहिमतपूरचा, तो आला की लगेच बसवून घेते.

“बरं,” तो म्हणाला, “मग परवा परत फोन करतो.”