मशीन थांबेपर्यंत

सुपा, ता. पारनेर
३० जानेवारी २०२५

चि. सौ. विजयमाला हिस,
अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोन सोडून पत्र का, म्हनशील. आमच्या घरात फोनला रेंज फक्त सैपाकघरात येती, आन् जिच्याबद्दल सांगायचं ती सूनबाई तिथंच असती.

रेश्माला कंपनीच्या हळदीकुंकवात सोडतीत भांडी घासायचं मशीन लागलं. लावलं की तीन तास घुमतं! तेवढ्यात मी भांडी घासून, दळन आनून, शेजारच्या लंकाबाईशी भांडून परत गोड बी होते. रेश्मा म्हनती, आत्या, वेळ मशीनचा जातो, आपला न्हाई. आपला कसा न्हाई? आमी सगळी त्याच्यासमोर बसून उरलेल्या मिनिटांचा आकडा कमी होताना बघतो. तुझे दाजी तर चहा बी तिथंच घेतात.

आनखी एक. अर्धं रिकामं लावलं की पानी आन् लाईट वाया जाती म्हनं. म्हनून रेश्मा गल्लीतली भांडी गोळा करून ते भरती. काल मशीन उघडलं तर आमची दोन ताटं आन् बाकी सगळा लंकाबाईचा संसार.

लेकीचं सांगायचं तर, सृष्टीनं मागचं स्थळ बी नाकारलं. म्हनती, पाच मिनिटं गच्चीवर उभं राहून मानूस कळतो का? तिच्या वडलांनी आता निर्वानीचं सांगितलंय. तू सुचवलेला हर्षल ९ तारखेला, रविवारी, आईला घेऊन येतोय. माझा जीव टांगनीला लागलाय. पोरीवर जबरदस्ती नको वाटती, आन् यांच्याशी वाद घालायची ताकद न्हाई.

पोरांना आशीर्वाद. माया पातळ करू नको.
तुझी अक्का

सावेडी, अहिल्यानगर
६ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास,
विजयमालाचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून इतकी हसले, की आमच्याकडे यांना वाटलं मला ठसका लागला. शाळेतून निवृत्त झाले तरी विज्ञानाची बाई आहे मी. लगेच प्रयोग केला. वाहत्या नळाखाली भांडी घासली तर बादल्यांमागून बादल्या जातात. टबात पाणी घेऊन घासली तर बऱ्याच कमीत भागतं. तुझं मशीन त्याहूनही कमी पाणी पितं, पण तेच पाणी तापवून पुन्हा पुन्हा फिरवतं, म्हणून वेळ लावतं. तेव्हा पाण्यात रेश्मा जिंकली, वेळेत तू. आता दोघी जेवायला बसा.

मात्र रविवारी एवढं ऐक. मशीनवर झटपट धुण्याचं वेगळं बटण असतं, लावायचंच तर ते लावा. त्याहून बरं म्हणजे कप हातानेच विसळा. हर्षलची आई शेवगावची, अतिशय काटेकोर. हर्षल मात्र साधा आहे. तुमच्या सुप्यातच कारखान्यात असतो आणि खोली घेऊन एकटा राहतो. दाजींना म्हणावं, मुलीला घाई करू नका.

दाजींना नमस्कार. रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझी विजू

सुपा
११ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. विजयमाला हिस,
आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र सोमवारी मिळालं. पाहुने रविवारी येऊन गेले.

झालं असं, कप चकाकले पायजेत म्हनून रेश्मानं सगळ्या कप-बश्या मशीनमधी घातल्या. तरी जागा उरली, म्हनून लंकाबाईचे कप घातले. मग पलीकडच्यांचे. बटन दाबलं ते तीन तासांचंच. आन् पाहुने तासभर लवकर आले! मी लंकाबाईकडं कप मागायला धावले, तर ती म्हनाली, अगं, ते तुझ्याच घरात घुमतायत. सगळ्या गल्लीत एक कप न्हाई, विजू! मधेच उघडावं तर रेश्मा आडवी आली. म्हनाली, वाफेनं हात भाजंल आन् कप तसेच खरकटे निघतील.

हर्षलच्या आईनं आकडा बघितला आन् पदर सावरून ताठ बसली. तुझे दाजी त्यांना मशीनची माहिती सांगायला लागले. मला धरनी पोटात घेईल तर बरं असं झालं.

तेवढ्यात हर्षल उठला. मोरीत सकाळचे पेले पडलेले हुते. मी नको नको म्हनते तवर त्यानं बाह्या सरसावल्या आन् घासायला बसला. त्याची आई पुटपुटली, की पोरगं पोरगी बघायला आलंय का कामाला? तो म्हनाला, आई, खोलीवर रोज घासतो, लई वेळ लागत न्हाई.

खरंच लागला न्हाई. चहा झाला, पेले फिरले. पहिला घोट घेतला आन् तोंडात साबन! त्यानं धड विसळलेच नव्हते. पन बोलनार कोन? सगळी गप पीत हुती. तुझे दाजी तर चहा छान झालाय म्हनाले.

एकटी सृष्टी बोलली. पेला खाली ठेवून सरळ म्हनाली, की चहाला साबनाचा वास येतोय. मी मनात म्हनलं, गेलं हे बी स्थळ. हर्षलनं घोट घेतला, तोंड वाकडं केलं आन् मोठ्यानं हसला. म्हनाला, मग रोज पोटात काय जातंय ते आज कळलं. चला, दाखवा कसं विसळायचं.

दोघं मोरीवर गेली. गच्चीवर पाच मिनिटं न्हाई बोलत ती पोरगी, आन् इथं मशीन थांबलं तरी त्यांचं बोलनं सरंना. शेवटी त्याच्या आईनंच मला विचारलं, की पेले एवढे किती हुते हो?

आता सृष्टी काय म्हनती ते तुझ्याकडं येऊन सांगनार हाय. मला काई बोलंना. काळजी लागून राहिलीय. ओढ आसू दे.
तुझी अक्का

सावेडी
२० फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

सृष्टी दोन दिवस राहून आज निघाली. पत्र तिच्याच हाती देते आहे, म्हणजे या वेळी उशिरा पोचायचं नाही.

मी तिला विचारलं, एवढं काय बोलत होतात? म्हणाली, आधी नुसतं विसळण्याबद्दल. मग नोकरीबद्दल. मग तो म्हणाला की त्याला एकट्याने जेवायचा कंटाळा येतो, आणि तिने सांगितलं की तिला न कळलेल्या माणसाच्या घरी जायची भीती वाटते. पेले केव्हाच धुऊन झाले होते, म्हणून दोघांनी ते पुन्हा घासायला घेतले.

शेवटी तिने विचारलं, लग्नानंतर आपणही मशीन घ्यायचं का? तो म्हणाला, इतक्यात नको, अजून बरंच बोलायचंय.

अक्का, पोरीचा होकार आहे. फक्त एक अट आहे, विसळायला ती बसणार.

दाजींना साखर भरव. जिव्हाळा आहे तसाच राहो.
तुझी विजू